कातडी बघताच आहात, तर तळपायही उलटा करून बघा

जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर यांना खुलं पत्र

विषय : घरोघरी होणाऱ्या कुष्ठरोग शोध मोहिमेत त्वचेच्या कॅन्सरसाठी आणखी तीन जागा तपासण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी आपल्याच खात्यातून निवृत्त झालेला माणूस. 1989 ला अवैद्यकीय सहायक म्हणून लागलो आणि 2021 ला कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून बाहेर पडलो. मधली 32 वर्षं राधानगरी, भुदरगड, कागल अशी फिरती झाली, पण काम एकच होतं : लोकांची कातडी बघणं. माणसाला दाराच्या उजेडात उभं करायचं, सदरा काढायला लावायचा आणि कपाळापासून घोट्यापर्यंत नजर फिरवायची. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं, कारण कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो. डोळे मिटायला सांगून विचारायचं, ‘कुठं लागलं? बोट ठेवा.’ बोट बरोबर जागेवर गेलं की कोपराजवळची नस चाचपायची, चार ओळी लिहायच्या आणि पुढचं घर गाठायचं. चट्टा, बधिरपणा, नस. झोपेतून उठवलं तरी आजही मी हे तीन शब्द याच क्रमानं सांगेन.

घोट्यापर्यंत म्हणालो ते मुद्दाम. रोगी ठरलेल्या माणसाचा तळवा आम्ही बारकाईनं बघतो, कारण बधिर तळव्याला जखमा होतात. पण सर्व्हेत, धडधाकट माणसाचा पाय उलटा करून कोण बघतो? मी तरी हजारात एखाद्याचा बघितला असेन.

हे पत्र माझ्या स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे, म्हणून ती आधी सांगतो.

माझा थोरला भाऊ 12 वर्षांचा असताना गुऱ्हाळावर भाजला. 1973 ची गोष्ट. काहिलीतला रस उतू आला आणि त्याच्या डाव्या पोटरीवर पडला. उकळती काकवी चिकटून बसते, पाण्यासारखी ओघळून जात नाही, हे ज्यांनी गुऱ्हाळ बघितलंय त्यांना सांगायला नको. चार-पाच महिने झाडपाला आणि पट्ट्या करून जखम कशीबशी भरली. पोटरीवर वीतभर चकचकीत, ताणलेला, केस नसलेला वण राहिला. त्यावर दादानं सगळं आयुष्य काढलं. शेती केली, जोर मारले, पोरांची लग्नं केली.

2017 च्या पावसाळ्यात वणाच्या मधोमध चीर पडली. दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा तिची रुपयाएवढी जखम झाली होती. दादा म्हणाला, ‘बघ रं जरा, तुझंच खातं हाय.’ मी खिशातनं पेन काढलं, कडेला टेकवलं. ‘लागतंय की मर्दा!’ म्हणून त्यानं पाय मागं ओढला. कोपराची नस बघितली, ठीक होती. मी म्हणालो, ‘महारोग न्हाई दादा, निर्धास्त ऱ्हा.’ (नोकरीत आम्ही तो शब्द कधीच सोडला, घरात मात्र जिभेवर तोच येतो.) घरातला आरोग्य खात्याचा माणूस निर्धास्त राहा म्हणाला, म्हटल्यावर सगळे निर्धास्त राहिले.

पुढचे 14 महिने दादा एक दिवसाआड पट्टी बदलायला जात होता. साखर तपासली, ती बरी निघाली. गोळ्या झाल्या, मलमं झाली, कुणी कडुनिंबाचं पाणी सांगितलं, कुणी मध. जखम थोडी सुकायची, परत चिघळायची. मग जांघेत गाठ आली. पायाला जखम असताना जांघेत गाठ आली तर आपल्याकडं आजी सुद्धा सांगते, अवधाण आलंय. आम्हीही तेच म्हणालो. शेवटी भाचीच्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलीनं पट्टी सोडताना बघितलं आणि म्हणाली, ‘आजोबा, जखम खड्ड्यासारखी असते. ही तर वर आलीय.’ जे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत दिसायला हवं होतं ते तिला दोन मिनिटांत दिसलं. तुकडा काढून तपासला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, आणि तोपर्यंत तो हाडापर्यंत आणि जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. जानेवारी 2019 मध्ये पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की मला हे माहीत होतं. नोकरीच्या सुरुवातीला शेंडा पार्कच्या कुष्ठधामात एक म्हातारा बघितला होता. त्याच्या तळपायाला 20 वर्षांची जुनी जखम होती आणि तिच्यातून फुलकोबीच्या गड्ड्यासारखं मांस वर आलं होतं. बरोबरचे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की जुन्या जखमेत, जुन्या वणात असा कॅन्सर उठतो. मी ते कुष्ठरोगाच्या खणात ठेवलं आणि खण लावून टाकला. दादाला कुष्ठरोग नव्हता, मग तो खण मी उघडलाच नाही.

महोदय, तुम्ही डॉक्टर आहात, पुढचा भाग तुम्हाला नवा नाही. पण पत्र खुलं आहे आणि ते आशाताई, गटप्रवर्तक, गुऱ्हाळमालक, फौंड्रीतले कामगार असे सगळे वाचतील अशी आशा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली जागा जुना वण. वणात होणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. मार्जोलिन हे फ्रेंच सर्जन. जुन्या वणांतल्या अशा जखमांचं वर्णन त्यांनी 1828 मध्ये केलं, त्यावरून हे नाव. भाजल्यापासून कॅन्सर उठेपर्यंत सरासरी 30 वर्षं जातात, म्हणूनच कुणाला दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. दादाला 44 वर्षं लागली. खोलवर भाजलेली जखम त्वचारोपण न करता आपोआप भरू दिली की तिथली कातडी पातळ, ताणलेली आणि रक्तपुरवठा कमी असलेली राहते. ती पुन्हा पुन्हा फाटते, पुन्हा पुन्हा भरते आणि या भरण्याच्या धडपडीतच कधीतरी पेशी बिघडतात. साध्या उन्हानं होणाऱ्या याच जातीच्या कॅन्सरपेक्षा वणातला जास्त आक्रमक असतो, गाठींत लवकर उतरतो. बचाव दोन टोकांना आहे. आज भाजलेल्या पोराचं वेळेवर त्वचारोपण करणं हे एक, आणि जुना वण असलेल्या माणसानं तो आयुष्यभर डोळ्यांखाली ठेवणं हे दुसरं. वण वारंवार फाटू लागला, जखम महिना उलटूनही भरेना, कडा जाड होऊन वर आल्या, घाण वास येऊ लागला, जरा धक्का लागताच रक्त येऊ लागलं, तर पट्टी बदलत बसायचं नाही. तुकडा काढून तपासायचा.

आता हे कोल्हापूरशी कसं जोडलेलं आहे ते बघा. आपल्या जिल्ह्यात वण असलेली माणसं किती! गुऱ्हाळावर काहिलीचा रस, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे, घरोघरी जुन्या स्टोव्हचे भडके, हॉटेलात तेलाच्या कढया. फौंड्रीतल्या कुठल्याही जुन्या मोल्डरला बाही वर करायला सांगा, नकाशा दिसेल. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं घालणाऱ्या माणसाच्या नडग्या बघा. वर्षानुवर्षं आगीच्या झळेसमोर बसून तिथं जाळीसारखी काळपट नक्षी उमटलेली असते. लोकांना वाटतं धूर बसलाय. तो धूर नसतो, झळेनं बदललेली कातडी असते. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी धरून बसणाऱ्यांना पोटावर आणि मांड्यांवर कॅन्सर होतो, त्याची सुरुवातही अशाच नक्षीपासून होते. चुलवाणावरच्या प्रत्येकाला तो होईल असं अजिबात नाही, फार थोड्यांना होतो. पण त्या जाळीत गाठ किंवा जखम उठली तर ती साधी समजू नये, एवढं त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी जागा कंबर.

इथं मला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं नाव घ्यायचंय. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. 1945 मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी आपल्या लोकांच्या सवयींशी जोडलेले कॅन्सर नोंदवले. त्यात धोतर वर्षानुवर्षं एकाच रेषेवर कसून नेसल्यामुळं कमरेवर होणारा कॅन्सरही होता. ‘धोती कॅन्सर’ हे नाव तिथून आलं, पुढं साडीचंही तसंच नाव पडलं. आणि हेच खानोलकर कुष्ठरोगाच्या संशोधनातलंही मोठं नाव. कातडीच्या कुष्ठाकडं आणि कातडीच्या कॅन्सरकडं एकाच माणसानं एकाच सूक्ष्मदर्शकातून बघितलं. आपण मात्र दोन वेगळ्या खात्यांत, दोन वेगळ्या फायलींत ते ठेवलंय.

हे जुनं झालं म्हणाल, तर 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून अशाच दोन वयस्क बायकांची माहिती ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीला परकराच्या घट्ट नाडीखाली दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी आतून परकर न घालता लुगडं कसून नेसणारी, तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला. आपल्याकडच्या किती बायकांच्या कमरेवर नाडीचा काळा पट्टा आहे, ते तुमच्या घरातही विचारून बघा. भांगलायला वाकलं की नाडी रुतते, घाम साचतो, खाज येते, कातडी जाड आणि काळी होते, सोलते. बहुतेक जणींचं तेवढ्यावर थांबतं. एखादीची जखम भरत नाही आणि ती कुणाला दाखवत नाही, कारण जागा दाखवण्यासारखी नाही. नाडीऐवजी रुंद पट्टी लावायची, रात्री सैल करायची, रोज इंचभर वर किंवा खाली बांधायची, पट्ट्याखालची कातडी कोरडी ठेवायची. एवढं केलं तरी पुष्कळ. शोध मोहिमेत पुरुषांना पुरुष स्वयंसेवक बघतो आणि बायकांना आशाताई बघते. ती व्यवस्था अशा जागेसाठीच जणू केलेली आहे.

तिसरी जागा तळपाय आणि नखं, आणि माझ्या मते ही सगळ्यात फसवी.

मेलॅनोमा हा कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो उन्हाशी बांधलेला आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत एकूणच कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथं ऊन पोचतच नाही. म्हणून टोपी घालून तो टळत नाही. बघितला तरच सापडतो. आणि आपण त्याला काय काय समजतो? तळव्यावर असला तर कुरूप किंवा भोवरी. ब्लेडनं तासतो, मेडिकलमधून पट्टी आणून चिकटवतो. नखाखाली असला तर नखुरडं किंवा मुका मार. रोप लावणीच्या दिवसांत असला तर चिखल्या. चामखीळ वाटली तर घोड्याचा केस बांधतो, नाहीतर चुना आणि सोडा लावून जाळतो. जाळलेली जागा वरून सुकते आणि खाली काय चाललंय ते झाकलं जातं.

कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. माझा नातू एका तालमीकडून खेळतो. त्याच्या अंगठ्याचं नख सीझनभर काळंनिळं असतं. त्याला मी बॉब मार्ली या जमैकाच्या गायकाची गोष्ट सांगतो. तोही फुटबॉलवेडा. 1977 मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली दुखणं निघालं, ते खेळातली दुखापत म्हणून बघितलं गेलं, निघाला मेलॅनोमा. 11 मे 1981 ला तो गेला, वय 36. कृष्णवर्णीयांना कातडीचा कॅन्सर होत नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढं एक नाव पुरे.

मग माराचं काळं नख आणि हे काळं नख ओळखायचं कसं? माराचं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं. नखाच्या मुळाशी पेननं खूण करून ठेवा, दीड-दोन महिन्यांत मुळाकडं स्वच्छ नख दिसायला लागतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं, पण सरकणं लवकर कळतं. सरकत नसेल, मार लागल्याचं आठवतच नसेल, एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत काळी पट्टी असून ती रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाबाहेर शेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडं जायचं. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांवर फिकट तपकिरी रेघा असतात, त्या जन्मभराच्या सोबतीण. त्यांना घाबरायचं कारण नाही. तळव्यावरच्या डागाचंही तसंच. दोन्ही अर्धे सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे दोन-तीन रंग, शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकाएवढा म्हणजे 6 मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि मुख्य म्हणजे बदलणारा. माझ्या मते शेवटची खूण सगळ्यात कामाची. लहानपणापासून आहे तसा असलेला तीळ सहसा निरुपद्रवी असतो. चाळिशीनंतर नव्यानं उगवलेला आणि वाढत चाललेला डाग दाखवायचा.

घाई कशासाठी, तर मेलॅनोमा खोलीवर मोजतात. कातडीत तो 1 मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा कापून विषय संपतो. रुपयाच्या नाण्याची जाडीसुद्धा याहून जास्त असते. अमेरिकेतल्या नोंदींत, जागच्या जागी सापडलेले रुग्ण पाच वर्षांनंतर जवळजवळ सगळे हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडलेल्यांपैकी साधारण तिघांतला एकच. हे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांचे आहेत. तळपायाच्या मेलॅनोमाचं भवितव्य त्याहून वाईट असतं आणि त्याचं एक मोठं कारण उशीर.

उन्हाबद्दल थोडक्यात. ऊन निर्दोष नाही. मार्च ते मे निरभ्र दुपारी आपल्याकडं अतिनील किरणांचा निर्देशांक 11 च्या वर जातो, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात तो ‘अति तीव्र’. उन्हात आयुष्य काढलेल्यांच्या नाकाच्या कडेला, डोळ्याखाली काळसर चमकदार पुटकुळी येते, तिच्यावर खपली धरते, पडते, रक्त येतं, परत धरते. हा कातडीच्या कॅन्सरचा बेसल सेल प्रकार. सावकाश वाढतो, अंगात सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी नाक कुरतडतो. तीळ म्हणून दहा दहा वर्षं काढणाऱ्या बायका मी बघितल्यात. मात्र शेतातल्या बाईला सनस्क्रीन लावा म्हणणं मला हास्यास्पद वाटतं. ऊस भांगलताना ती नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट साडीवर चढवते, डोक्यावर पदर आणि वर टॉवेल गुंडाळते. पातं कापू नये म्हणून केलेली ही सोय उन्हालाही चालते. तिला तेवढंच सांगा की हे सोडू नको.

सनस्क्रीन, टोपी, पूर्ण बाह्या खरंच कुणाला द्यायच्या असतील तर जन्मतः अंगात रंग नसलेल्या मुलांना. पांढरे केस, गुलाबी कातडी, उजेडात मिचमिचणारे डोळे. गावात त्यांना ‘इंग्रज’ म्हणून चिडवतात. त्यांच्या कातडीला नैसर्गिक छत्री नसते आणि ऐन तारुण्यात त्यांना कॅन्सर होऊ शकतो. ही मुलं जिल्हा परिषदेच्याच शाळांत आहेत. त्यांना दुपारच्या कवायतीतून सूट, वर्गात टोपीची परवानगी, खिडकीपासून लांबचा बाक, हे शिक्षण विभागाला एका परिपत्रकात जमण्यासारखं आहे. मामाची मुलगी करण्याच्या आपल्या भागातल्या चालीमुळं अशा आनुवंशिक गोष्टींची शक्यता वाढते, हे सांगायला गेलं की पाहुणे रागावतात. पण आहे ते आहे.

कारखान्यांचं एक राहिलं. 1922 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवलं की सूतगिरण्यांतल्या कामगारांना वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतोय. चात्यांचं खनिज तेल उडून विजारीत मुरायचं. आपण इचलकरंजीला कौतुकानं महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो. यंत्रं वेगळी आहेत, तेलंही बदललीत, तिथं तोच रोग आहे असं माझं म्हणणं नाही. पण तेलात भिजलेली पँट आठवडाभर न धुता घालणं आणि तेलकट चिंधी खिशात कोंबणं हे मी मशीनशॉपमध्ये रोज बघतो, आणि ते सोडायला पैसा लागत नाही.

आता मागणी.

नवी मोहीम नको. नवं ॲप तर मुळीच नको. आशाताईंच्या मोबाइलमध्ये आता जागा उरलेली नाही आणि त्यांच्या दिवसातही. आशाताई घरोघरी आजारांच्या धोक्याची माहिती ज्यात भरतात, त्या सीबॅक फॉर्ममध्ये कातडीवरचा चट्टा, गाठ, तळहात-तळपायाची वारंवार होणारी जखम हे प्रश्न आधीच आहेत, फक्त ते कुष्ठरोगाच्या संशयासाठी विचारले जातात. कॅन्सरसाठी आपण तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड बघतो. त्या दोन रकान्यांच्या मध्ये दादाची पोटरी सुटली. पुढच्या शोध मोहिमेत, त्याच घरात, त्याच उजेडात, त्याच माणसाला आणखी तीन गोष्टी विचारा : भाजल्याचा जुना वण दाखवा, कमरेचा पट्टा दाखवा, पाय उलटा करून दाखवा. माणशी दोन मिनिटं. पेन टेकवल्यावर लागलं तरी जखम महिन्यापेक्षा जुनी असेल तर चिठ्ठी द्यायची, हा एक नियम लेखी करा. माझ्यासारख्या जाणत्याला तो लेखी असता तर बरं झालं असतं. आणि कुष्ठरुग्ण सापडला की आशाताईंना मोबदला मिळतो, तसा इथंही मिळावा. फुकटचं काम सांगू नका.

प्रशिक्षणात फोटो दाखवाल ते सावळ्या कातडीचे दाखवा. पुस्तकांतले फोटो गोऱ्या पाठींचे असतात, त्यावर सगळं लाल दिसतं. आपल्या कातडीवर लाल लाल दिसत नाही, काळपट जांभळं दिसतं. हा धडा कुष्ठरोगात आम्ही चट्टे हुकवून शिकलो.

चिठ्ठी दिल्यावर काय, हा खरा प्रश्न. चंदगडच्या बाईला कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. एकदा दाखवायला, एकदा तुकडा काढायला, एकदा रिपोर्टला अशा तीन फेऱ्या झाल्या की ती दुसऱ्याच फेरीला गळते. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस ठेवा. तिथंच तुकडा घ्या, फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवा आणि रिपोर्ट आशाताईंमार्फत घरी कळवा. क्षयरोगाचे बेडके आपण असेच पाठवत आलो, वाट पडलेली आहे. वणातल्या जखमेचा तुकडा कडेचा आणि एकापेक्षा जास्त ठिकाणचा घ्यावा, मधला नुसता पू आणि मेलेलं मांस देतो, हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असेल. तरी लिहून ठेवतो.

लोक तुकडा द्यायला घाबरतील. ‘हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य मी आमच्याच स्वयंपाकघरात ऐकलंय, वहिनीच्या तोंडून, आणि दादाचे दोन महिने त्यातही गेले. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतल्यानं रोग पसरत नाही. पसरतो तो वाट बघण्यात. हे डॉक्टरांनी सांगण्यापेक्षा एकदा तपासणी करून घेतलेल्या माणसानं सांगितलेलं जास्त पटतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या दुर्मीळ रोगासाठी एवढा खटाटोप? आहे दुर्मीळ, मान्य. शंभर चिठ्ठ्यांतल्या बहुतेक कुरूपं, तीळ आणि साध्या जखमाच निघतील. पण 2005 च्या डिसेंबरअखेर देशपातळीवर कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं धरलं गेलं, त्यानंतरही आपण पुन्हा दारोदार फिरलो आणि रुग्ण सापडत राहिले. दुर्मीळ गोष्ट शोधायची सवय या जिल्ह्यात कुणाला असेल तर ती आपल्याच खात्याला आहे. घर उघडलेलं आहे, माणूस उजेडात उभा आहे, सदरा काढलेला आहे. खर्च झालेलाच आहे.

दादा आता जयपूर फूट लावून चावडीपर्यंत जातो. त्याच्या पोटरीचे तीन फोटो आमच्याकडं आहेत, त्या मुलीनं काढलेले. पट्टी सोडल्यावरचा एक, कडेचा जवळून एक आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा एक. प्रशिक्षणात वापरायला हवे असतील तर देतो. परवानगी विचारली तर दादा म्हणाला, ‘दे की. त्वांड दिसलं तरी चालंल. खाली लिव्ह, ह्याचा भाऊ आरोग्य खात्यात हुता.’

कळावे,

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ
ता. कागल, जि. कोल्हापूर